कलमाविना डोळा

मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात हिवाळ्याच्या सकाळी धुकं पडतं आणि उन्हं वर आली की विरतं. काही माणसांच्या डोळ्यांत मात्र हे धुकं बाराही महिने असतं. “सकाऊन धुपट दिसते, दुपारून साफ होते,” अशी तक्रार साठीच्या पुढची एखादी बाई करते, तेव्हा घरच्यांना वाटतं मोतीबिंदू असेल, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला असेल. दोन्ही असू शकतं. पण सकाळी जास्त धूसर आणि दुपारी कमी, हा मोतीबिंदूचा स्वभाव नव्हे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेत, म्हणजे कॉर्नियात, पाणी साचत असल्याची ही खूण असू शकते.

या आजारावर दात्याच्या डोळ्याचं कलम न लावताही शस्त्रक्रिया होऊ शकते, अशा बातम्या गेली काही वर्षं येत आहेत. त्या खोट्या नाहीत. पण ती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णासाठी आहे हे सांगितलं नाही, तर आपल्या भागात तिच्यामुळे उपयोगापेक्षा गैरसमजच जास्त होईल. त्यातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे, “आता नेत्रदानाची गरज उरली नाही.”

आधी आजार समजून घेऊ. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण त्याला अस्तर म्हणू. या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी आणि एकमेकींना चिकटून असतात. डोळ्याच्या आतलं पाणी कॉर्नियात सतत झिरपत असतं आणि या पेशी ते सतत बाहेर उपसत असतात. शेतात पाणी साचू नये म्हणून मोटार लावावी, तसंच हे काम. मोटारी चालू आहेत तोवर काच स्वच्छ. मोटारी कमी पडल्या की काच फुगते आणि दुधाळ होते. रात्री पापण्या मिटलेल्या असल्याने वरून बाष्पीभवन होत नाही आणि पाणी साचतं. दिवसा डोळे उघडे राहिले की थोडं उडून जातं. सकाळच्या धुक्याचं कारण हे.

अडचण अशी की माणसाच्या या पेशी डोळ्यात नव्याने तयार होत नाहीत. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला त्या सुमारे तीन हजार असतात. वयाबरोबर दरवर्षी थोड्या-थोड्या गळत जातात. गेलेल्या पेशीची जागा शेजारची पेशी पसरून भरून काढते, म्हणून बहुतेकांना आयुष्यभर काही जाणवत नाही. संख्या पाचशेच्या आसपास किंवा खाली गेली की मात्र अस्तराचं बळ संपतं. मग सूज येते, पुढे कॉर्नियावर पाण्याचे फोड येतात. ते फुटले की डोळ्यात खडे घातल्यासारखं दुखतं. नजर तर जातेच, वर झोपही जाते.

या पेशी वेळेआधी संपण्याची दोन मोठी कारणं आहेत. पहिलं, फुक्स डिस्ट्रॉफी. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली तिचं वर्णन केलं. यात अस्तराखालच्या डेसिमेट नावाच्या पातळ पापुद्र्यावर बारीक उंचवटे येतात आणि पेशी मरत जातात. आजार बहुधा मधूनच सुरू होतो, कडेच्या पेशी बराच काळ शाबूत राहतात. तो बऱ्याचदा घराण्यात चालतो आणि बायकांत जास्त दिसतो. दुसरं कारण म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत झालेली इजा. शस्त्रक्रिया याच अस्तरापासून काही मिलिमीटरवर चालते. चांगल्या हातांनी केली तरी थोड्या पेशी जातातच. मोतीबिंदू दगडासारखा कडक असेल, काही गुंतागुंत झाली किंवा पेशी आधीच कमी असतील, तर उरलेला साठा पुरत नाही.

हा फरक ध्यानात ठेवा, पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. युरोप-अमेरिकेत अस्तराच्या प्रत्यारोपणाचं मुख्य कारण फुक्स आहे. आपल्या देशात या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत मोतीबिंदूनंतर कॉर्निया सुजलेल्या रुग्णांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आजवरचा उपाय म्हणजे कलम. मोर्शीच्या बागायतदाराला कलम समजावून सांगायची गरज नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि तो धरतो का याची वाट पाहायची, हे या मातीतलं रोजचं काम. माणसाच्या डोळ्याचं पहिलं यशस्वी कलम एदुआर्द झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी केलं. त्यानंतर जवळजवळ शतकभर कॉर्नियाची अख्खी चकती काढून तिथे दात्याची चकती शिवत असत. १९९८ पासून नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी फक्त आतला खराब थर बदलण्याची वाट दाखवली. आज दात्याच्या कॉर्नियाचं फक्त अस्तर आणि त्याखालचा पापुद्रा बारीक छेदातून आत सोडता येतो आणि हवेच्या बुडबुड्याने वर चिकटवता येतो. टाके जवळजवळ नाहीतच, नजरही लवकर येते. ही शस्त्रक्रिया उत्तम आहे आणि आजही प्रमाण उपचार हाच आहे.

पण मोर्शी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातल्या रुग्णाच्या बाजूने तिच्याकडे पाहा. आधी दाता मिळायला हवा. शस्त्रक्रियेनंतर बुडबुडा जागेवर राहावा म्हणून उताणं पडून राहायचं. कलम सुटलं तर पुन्हा हवा भरायची. परका भाग म्हणून शरीराने नाकारू नये यासाठी स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घालायचे. त्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढतो का, तेही तपासत राहायचं. अमरावती पन्नासेक किलोमीटर, नागपूर शंभरावर. प्रत्येक फेरीला सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते. कलम दगावतं ते बऱ्याचदा यामुळे, चुकलेल्या फेरीमुळे आणि संपलेल्या थेंबांमुळे. म्हणून कलमाविना उपचाराची कल्पना आपल्याकडे शहरापेक्षा खेड्यात जास्त मोलाची आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

असे उपचार आज तीन वाटांनी येत आहेत.

पहिली वाट सर्वांत साधी. मधला चारेक मिलिमीटरचा खराब पापुद्रा सोलून काढायचा आणि त्या जागी काहीच लावायचं नाही. कडेच्या निरोगी पेशी सरकत येतात आणि उघडी जागा झाकतात. ही कल्पना अपघातानेच सुचली. शस्त्रक्रियेत चुकून पापुद्रा निघाला किंवा लावलेलं कलम सुटून पडलं, तरी काही रुग्णांचा कॉर्निया आपोआप स्वच्छ झालेला डॉक्टरांना दिसला. शिकागोच्या कॅथरिन कोल्बी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १३ डोळ्यांचा अनुभव मांडला. त्यांपैकी १० स्वच्छ झाले, काही महिन्याभरात तर काही बऱ्याच उशिरा. ३ झाले नाहीत. पुढे सिडनीचे ग्रेगरी मोलोनी आणि इतरांनी याला रिपासुडिल थेंबांची जोड दिली. हे औषध २०१४ साली जपानमध्ये काचबिंदूसाठी मान्य झालं होतं. पेशींना जागच्या जागी धरून ठेवणारा एक रासायनिक संदेश ते अडवतं, त्यामुळे पेशी लवकर सरकतात. यात परकं काही नसल्याने नाकारलं जाण्याची भीती नाही आणि वर्षानुवर्षांचं स्टेरॉइडही नाही.

दुसरी वाट क्योटोची. तिथल्या शिगेरू किनोशिता यांच्या गटाने दात्याच्या अस्तरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्याच गटातल्या औषधाबरोबर सुईने डोळ्यात सोडल्या. मग रुग्णाला तीन तास पालथं झोपवलं, म्हणजे पेशी खाली बसून कॉर्नियाला चिकटतात. पहिल्या ११ रुग्णांचा अहवाल २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. २४ आठवड्यांनी अकराही जणांची पेशीसंख्या पाचशेच्या वर होती आणि त्यांपैकी १० जणांची हजाराच्या वर. जपानने २०२३ साली या उपचाराला मान्यता दिली. फोड येण्याच्या अवस्थेला पोहोचलेल्या, म्हणजे आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या रुग्णांनाही हा चालतो. मात्र पेशी येतात दात्याकडूनच. फरक इतकाच की एका दात्याच्या पेशी वाढवून त्या अनेकांना पुरवता येतात. कलम नाही, पण दाता आहे.

तिसरी वाट कृत्रिम पडद्याची. इस्रायलमधल्या एका कंपनीने ‘एंडोआर्ट’ नावाची चकती केली आहे. ती पारदर्शक प्लास्टिकची आणि सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग जाड. तिच्यात मोटार नाही, ती फक्त पाणी आत शिरू देत नाही. हिला दाता लागत नाही. पण ती सुटून खाली येण्याचा त्रास आहे आणि काहींना हवा पुन्हा भरावी लागते. कलमं एकामागून एक फसलेल्या डोळ्यांसाठी तिचा विचार मुख्यतः होतो.

आता माझं मत.

पहिली वाट सर्वांत स्वस्त आणि सोपी असल्याने आपल्याकडे आधी तीच चालेल, आणि जपायचं तेही तिथेच. कडेला निरोगी पेशींचा भरपूर साठा असेल तरच ती काम करते. मधे उंचवटे आणि कडा चांगली, अशा फुक्सच्या निवडक रुग्णांसाठी ती आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने सुजलेल्या डोळ्यात मधे आणि कडेला सगळीकडेच पेशी गेलेल्या असतात. सरकायलाच कोणी उरलं नसेल, तर जागा भरणार कोण? विहिरीलाच पाणी नाही, तिथे पाट खणून काय होणार? म्हणजे या शस्त्रक्रियेचा लौकिक ज्या रुग्णांवर झाला, तो रुग्ण आपल्या रांगेत कमी आहे. आणि जो रुग्ण आपल्या रांगेत जास्त आहे, त्याला ती चालत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक आहे. मोबाइलवर बातमी वाचून आलेल्या मुलाला किंवा सुनेला ते ठाऊक नसतं. त्यांना हे शांतपणे समजावून सांगणं, हाही उपचाराचाच भाग आहे.

योग्य रुग्ण निवडला तरी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. एक, नजर लगेच येत नाही. पापुद्रा सोलल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, आधीपेक्षाही धूसर दिसतं. ज्याचा दुसरा डोळा कमजोर आहे आणि ज्याला बागेत ओलिताचं काम करायचं आहे, त्याने हा काळ कसा काढायचा ते आधी ठरवावं. दोन, काही डोळे स्वच्छ होतच नाहीत, आणि मग शेवटी कलम करावंच लागतं. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या मागेही नेत्रपेढी उभी असावी लागते. थेंबांबद्दलही एक सांगणं. हे थेंब मुळात काचबिंदूचे आहेत. दुकानातून आणून स्वतःच घालण्याचं हे औषध नव्हे. आधीच सुजलेल्या कॉर्नियावर या गटातल्या औषधांनी बारीक फोडांची जाळी उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आता नेत्रदानाकडे येऊ. अस्तराचा आजार हा कॉर्नियाच्या अंधत्वाचा एक भाग आहे. वऱ्हाडात दुसरा भाग शेतातून येतो. पऱ्हाटी उपटताना काडी लागते, तुरी झोडपताना फोलपट उडतं, संत्र्याच्या फांदीचा काटा घासून जातो. जखम किरकोळ वाटते, कोणीतरी घरातले जुने थेंब घालतं, बुरशी धरते आणि महिन्याभरात पांढरा डाग पडतो. हा डाग कॉर्नियाच्या जाडीत असतो. पापुद्रा सोलून तो जात नाही, पेशी टोचून जात नाही, आतून प्लास्टिक लावूनही जात नाही. तिथे दात्याचा कॉर्नियाच लागतो. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या लोकांतल्या अंधत्वाचं पहिलं कारण कॉर्नियाचा आजार हेच निघालं, ३७.५ टक्के. ही कमावत्या वयाची माणसं आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीने तर ७० गरजूंमागे एक कॉर्निया उपलब्ध असल्याचा हिशेब मांडला होता. म्हणून कलमाविना उपचारांचा खरा फायदा मला असा दिसतो: ज्याला कलमाशिवाय भागतं त्याचं तसं भागवा, म्हणजे त्याच्या वाट्याचा कॉर्निया काडी लागलेल्या तिशीतल्या शेतमजुराला मिळेल. दात्यांची गरज यातून संपत नाही, त्यांच्या दानाचं चीज जास्त होतं.

अमरावतीत हरिना नेत्रदान समितीसारख्या संस्थांनी नेत्रदानाचा विषय घराघरांत नेला आहे. त्या कामाला “आता विज्ञान पुढे गेलं” या अर्धवट वाक्याने खीळ बसू नये. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कॉर्निया काढायचा असतो, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मधुमेह होता, वय झालं होतं, यातलं काहीही आपणहून नकाराचं कारण करू नका. कोणता कॉर्निया कुठे चालेल हे नेत्रपेढी पेशी मोजून ठरवते.

याहूनही मोठा मुद्दा आजार होऊच न देण्याचा आहे, आणि तो बातम्यांत येत नाही. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं पहिलं कारण न काढलेला मोतीबिंदू होतं, ६६.२ टक्के. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत हे कारण होतं ७.२ टक्के लोकांत. या ७.२ मध्ये सगळे कॉर्नियाचे रुग्ण नाहीत, पण तेही त्यात आहेत. या दोन आकड्यांना जोडणारी एक जुनी समजूत आहे: “मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू.” सोयाबीन निघू द्या, कापूस विकू द्या, पोरीचं लग्न होऊ द्या, असं करता करता मोतीबिंदू कडक होतो. कडक मोतीबिंदू फोडायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो, आणि त्याची किंमत अस्तर मोजतं. आज मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचं काही कारण उरलेलं नाही.

सरकारी यंत्रणेकडूनही एक अपेक्षा आहे. अस्तराच्या पेशी मोजणारं स्पेक्युलर मायक्रोस्कोप नावाचं यंत्र डोळ्याला न टोचता काही मिनिटांत पेशींचा फोटो काढतं आणि मोजणी देतं. यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो वाजवी आहे. शिबिरातून आणलेल्या प्रत्येक रुग्णाची मोजणी करत बसलो तर रांग लांबेल, आणि न काढलेल्या मोतीबिंदूनेच तर सर्वांत जास्त माणसं आंधळी आहेत. मान्य. म्हणून प्रत्येकाची करू नका. चार प्रकारच्या रुग्णांची तेवढी करा: ज्यांना सकाळी जास्त धूसर दिसतं, ज्यांच्या डोळ्यावर आधी शस्त्रक्रिया किंवा मार झाला आहे, ज्यांचा मोतीबिंदू फार कडक आहे, आणि ज्यांचा पहिला डोळा शस्त्रक्रियेनंतर धूसरच राहिला. यांतला सकाळच्या धुक्याचा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाला तो नेत्र चिकित्सा अधिकारी विचारू शकतात, गावात आशाताई विचारू शकतात. उत्तर ‘हो’ आलं तर चिठ्ठीवर तसं लिहून रुग्ण पुढे पाठवायचा. पेशी कमी निघाल्या म्हणून शस्त्रक्रिया नाकारायची असं नाही. सर्जन जास्त सांभाळून करतो, अस्तराला जपणारं जेल जास्त वापरतो, आणि पुढे सूज येऊ शकते हे घरच्यांना आधीच सांगतो. आधी सांगितलेला धोका माणूस समजून घेतो. नंतर सांगितलेला तोच धोका त्याला फसवणूक वाटतो.

शस्त्रक्रियेनंतरची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. किती डोळे झाले हे आपण मोजतो. सहा महिन्यांनी त्यांतले किती स्वच्छ राहिले, हेही मोजायला हवं. सूज उशिरा येते, कधी वर्षांनी येते. तोवर रुग्ण “वय झालं” म्हणून घरात बसलेला असतो आणि कोणाच्याच वहीत नसतो.

म्हणून कलमाविना शस्त्रक्रियेची बातमी वाचली तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझा आजार फुक्सचा आहे की शस्त्रक्रियेनंतरचा? कडेच्या पेशी किती शिल्लक आहेत? आणि हे जमलं नाही तर पुढचा उपाय काय, कुठे आणि किती दिवसांत? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर पुढे जायला हरकत नाही. उत्तरं टाळली गेली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अस्तराच्या आजारात चार-आठ दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. गेलेली पेशी मात्र परत येत नाही, म्हणून घाईने घेतलेला निर्णय बदलता येईलच असं नाही.